यू-७३ : सुरुंग पेरून निघून जाणारी पाणबुडी

पहिल्या महायुद्धात बुडालेलं सर्वांत मोठं जहाज म्हणजे 'ब्रिटॅनिक', 'टायटॅनिक'चं धाकटं भावंड. टनभार ४८,१५८. युद्धात ते इस्पितळ-जहाज म्हणून वापरात होतं. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी सकाळी ग्रीसच्या केआ बेटाजवळ ते ५५ मिनिटांत तळाशी गेलं. हे जहाज ज्या पाणबुडीच्या खात्यावर जमा झालं, ती जर्मन यू-७३ तेव्हा तिथे नव्हतीच. तिने आपलं काम २४ दिवस आधी, २८ ऑक्टोबरला उरकलं होतं. ही पाणबुडी संथ, अवजड होती आणि तिच्या इंजिनांवर कुणाचा भरवसा नव्हता. तिच्या कारकिर्दीची संगती लावायची तर आधी सुरुंग पेरण्याचं तंत्र पाहावं लागतं.

१९१४ पर्यंत समुद्रात सुरुंग पेरायचे ते पृष्ठभागावरच्या जहाजांनी, शक्यतो रात्री. शत्रूच्या बंदराच्या तोंडाशी असं जहाज पोहोचणं अवघड आणि परतणं त्याहून अवघड. पाणबुडीतून सुरुंग टाकायची कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी सर्वांत आधी धडपडले ते रशियन. त्यांची 'क्राब' बांधायला कित्येक वर्षं गेली आणि ती कामाला लागली १९१५ च्या जुलैत. बॉस्फोरसच्या तोंडाशी तिने सुरुंग टाकले आणि त्यावर जर्मन क्रूझर 'ब्रेस्लाऊ' आदळली. पण जर्मनांच्या छोट्या यूसी वर्गाच्या बोटी त्याआधीच, १९१५ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला, इंग्लिश खाडीच्या परिसरात सुरुंग टाकू लागल्या होत्या. सुरुंग नेमके कोण पेरतंय, हे ब्रिटिशांना सुरुवातीला उमगलंच नाही. २ जुलै १९१५ ला यारमथजवळ 'कॉटिंगहॅम' नावाचं किनारी वाहतुकीचं साधं जहाज यूसी-२ वर चढलं. बुडी मारणाऱ्या माणसांनी तळाशी जाऊन ती पाणबुडी पाहिली, तेव्हा कोडं सुटलं.

पहिले यूसी म्हणजे अगदी चिमुकला ऐवज: १६८ टन, १४ माणसं, एकच पंखा, टॉर्पेडो एकही नाही. सुटे भाग करून रेल्वेने पाठवता येतील असेच ते बांधले होते, आणि एड्रियाटिकमधल्या पोला बंदरात काही बोटी तशाच पोहोचल्या. पुढच्या भागात एक मीटर रुंदीच्या सहा तिरक्या नळ्या आणि प्रत्येक नळीत दोन सुरुंग, असे एकूण १२. या नळ्या खालून-वरून उघड्या असल्यामुळे सुरुंग सतत पाण्यात भिजत असायचे. म्हणजे ते पृष्ठभागाखाली किती मीटरवर उभे राहावेत, ते बंदरातून निघण्यापूर्वीच ठरवून टाकावं लागायचं. वाटेत बेत बदलला तरी सुरुंगाला हात लावता येत नसे.

दुसरी अडचण जिवावर बेतणारी. सुरुंग आणि त्याचा नांगर एकत्रच तळाशी जात. नांगराला धरून ठेवणारी खुंटी पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाची असे. ती विरघळली की सुरुंग सुटायचा आणि पोलादी दोर उलगडत वर यायचा. पाण्याचा दाब ठरलेल्या आकड्याइतका कमी झाला की दोर अडकायचा आणि सुरुंग तिथेच उभा राहायचा. या खुंटीने बोटीला दूर जायला पुरेसा वेळ द्यावा, अशी अपेक्षा. पण यूसीच्या नळ्या बोटीच्या पुढच्या अंगाला होत्या. टाकलेल्या सुरुंगावरून बोटीचं उरलेलं अख्खं धूड पुढे सरकायचं. खुंटी लवकर सुटली तर सुरुंग थेट पोटाखाली. १६ मार्च १९१६ ला यूसी-१२ तारांतोजवळ आपल्याच सुरुंगांनी फुटली. इटालियनांनी ती वर काढली तेव्हा आत जर्मन खलाशी सापडले, आणि जर्मनीचं इटलीशी तेव्हा अधिकृत युद्धही सुरू झालेलं नव्हतं!

यू-७३ ज्या वर्गाची, तो यूई वर्ग याहून मोठा. लांबी ५६.८ मीटर, पृष्ठभागावर ७५५ टन, पाण्याखाली ८३२ टन, खलाशी ३२. सुरुंग ३४, तेही कोरड्या जागेत, मागच्या बाजूला दाबरोधक कवचाच्या आत. तिथून एक मीटर रुंदीच्या दोन आडव्या नळ्यांमधून ते शेपटीकडून बाहेर जात. फायदे दोन. सुरुंग प्रवासात तपासता येत आणि सोडल्यावर तो बोटीच्या मागे पडे, पोटाखाली नाही. तोटा वजनाचा. नांगरासकट एक सुरुंग बाहेर गेला की शेपूट काही शे किलोंनी हलकी होते. तेवढंच पाणी लगेच भरपाईच्या टाकीत घ्यावं लागतं, नाहीतर बोटीचा तोल जाऊन शेपूट वर उचलली जाते. एकामागून एक डझनभर सुरुंग सोडताना हा हिशेब प्रत्येक वेळी तंतोतंत जमावा लागे.

बाकी आकडे मात्र निरुत्साही. पृष्ठभागावर वेग जेमतेम १० नॉट (ताशी १० सागरी मैल), म्हणजे साध्या मालवाहू जहाजाचा पाठलागही होऊ नये. टॉर्पेडोच्या नळ्या दोन, सोबत टॉर्पेडो चार, आणि एक ८.८ सेंटिमीटरची तोफ. पल्ला तेवढा चांगला, ७ नॉटने ७,८८० सागरी मैल. जर्मनीपासून भूमध्य समुद्रापर्यंत न थांबता जायला तो पुरेसा होता. या वर्गाच्या दहा बोटी झाल्या, यू-७१ ते यू-८०. त्यांतल्या पाच युद्धात समुद्रातच नष्ट झाल्या.

सुरुंगाचा फुटण्याचा भाग तर फारच साधा, आणि म्हणूनच भरवशाचा. गोलावर शिशाची शिंगं असतात. प्रत्येक शिंगात डायक्रोमेट द्रावणाची काचेची कुपी आणि तिच्याखाली कार्बन-जस्ताची पट्टी. जहाजाच्या धडकेने मऊ शिसं वाकतं, कुपी फुटते, द्रावण पट्ट्यांवर सांडतं आणि तत्क्षणी बॅटरी तयार होऊन ठिणगी पडते. आधीपासून भरून ठेवलेली बॅटरी नसल्यामुळे ती उतरायचा प्रश्नच नाही. दोर तुटला नाही तर असा सुरुंग महिनोन्महिने वाट पाहू शकतो.

डान्झिगच्या शाही गोदीत बांधलेली यू-७३ ९ ऑक्टोबर १९१५ ला दलात दाखल झाली. कमांडर गुस्ताव झीस. १ एप्रिल १९१६ ला ती भूमध्याकडे निघाली. वाटेत लिस्बनसमोर, टागुस नदीच्या मुखाशी तिने १२ सुरुंग टाकले. पोर्तुगाल महिन्याभरापूर्वीच युद्धात उतरला होता. १७ एप्रिलला तिथे बळी पडलं ते 'टेर्ये व्हिकेन' हे नॉर्वेचं जहाज. नॉर्वे तटस्थ होतं, पण सुरुंगाला झेंडा कळत नाही. १९०७ च्या हेग करारात केवळ व्यापारी वाहतूक रोखण्यासाठी शत्रूच्या बंदरांसमोर सुरुंग पेरायला मनाई होती. जर्मनीने नेमकं तेच कलम आपल्याला बांधील नसल्याचं नोंदवून सही केली होती, आणि 'केवळ' या शब्दाची पळवाट तर सगळ्यांनाच मोकळी होती.

उरलेले २२ सुरुंग माल्टासाठी होते. वालेटाचं ग्रँड हार्बर हा ब्रिटिश भूमध्य नौदलाचा मुख्य तळ. शिवाय भूमध्य समुद्राचा एक गुण सुरुंगपेऱ्याच्या पथ्यावर पडतो: इथे भरती-ओहोटी नावापुरतीच. उत्तर समुद्रात पाणी कित्येक मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे ओहोटीला सुरुंग वर दिसायचा आणि भरतीला जहाजाच्या तळाखाली राहून जायचा. माल्टात एकदा लावलेली खोली तशीच टिकायची. २७ एप्रिलच्या पहाटे बंदराकडे येणारी युद्धनौका 'रसेल' दोन सुरुंगांवर आदळली. मागच्या भागात आग लागली, पण ती सावकाश बुडाली म्हणून बरेच जण वाचले. मेले १२५. पाठोपाठ 'नॅस्टर्शियम' ही स्लूप (छोटी युद्धनौका) आणि गस्तीला घेतलेली 'एगुसा' ही आलिशान यॉट गेली. ही यॉट पूर्वी चहावाल्या सर थॉमस लिप्टन यांची 'एरिन' होती. एका खेपेत सशस्त्र दलाची तीन जहाजं गेली, तीही एकही टॉर्पेडो न झाडता. ३० एप्रिलला यू-७३ एड्रियाटिकमधल्या कातारोला पोहोचली.

याच सुमारास उत्तरेत तिची बहीण यू-७५ हिने स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांच्या पश्चिमेला ३४ सुरुंग टाकले. आठवड्याभरात, ५ जूनला, त्यातल्या एकावर क्रूझर 'हॅम्पशायर' आदळली आणि ७३७ माणसं बुडाली. त्यांत ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनेर होते, १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती राहिलेले. त्यांच्या मृत्यूवरून हेरगिरीच्या कितीतरी अफवा उठल्या. पण किचनेर त्या जहाजावर असतील, हे सुरुंग पेरणाऱ्याला माहीत असणं शक्यच नव्हतं.

केआची खाडी ग्रीसची मुख्य भूमी आणि केआ बेट यांच्यामधली. सॅलोनिका आणि लेम्नोसवरचं मुद्रोस इथे जाणारी दोस्तांची वाहतूक याच वाटेने व्हायची. जहाजांना वळसा नको असतो, त्यामुळे अशी अरुंद वाट म्हणजे सुरुंगांसाठी आयती जागा. २८ ऑक्टोबर १९१६ ला झीस यांनी इथे सहा-सहा सुरुंगांच्या दोन रांगा टाकल्या. १२ सुरुंगांत सगळी वाट अडत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या शेकडो जहाजांपैकी एखादं अडखळलं तरी पुरे, असाच हा हिशेब होता.

१४ नोव्हेंबरला 'बुर्दिगाला' अडखळलं, १२,००९ टनांचं फ्रेंच सैनिकवाहू जहाज. योगायोग असा की हेही मुळात डान्झिगमध्येच बांधलेलं, 'कायझर फ्रीडरिश' या जर्मन नावाने. जहाजावरच्यांना वाटलं टॉर्पेडो आला. पेरिस्कोप दिसल्याच्या समजुतीने त्यांनी तोफाही डागल्या. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला निर्णायक क्षण हाच. टॉर्पेडो म्हटला की शोध पाणबुडीचा होतो आणि ती निघून गेली की वाट मोकळी मानली जाते. सुरुंग म्हटला की वाट बंद करून माइनस्वीपर, म्हणजे सुरुंग काढणारी जहाजं, लावावी लागतात. ही वाट मोकळीच राहिली, आणि बरोबर एका आठवड्याने त्याच पाण्यातून 'ब्रिटॅनिक' आलं.

नेपल्सला कोळसा भरून ते मुद्रोसकडे निघालं होतं. जहाजावर १,०६६ माणसं होती, रुग्ण अजून चढायचे होते. ८ वाजून १२ मिनिटांनी उजव्या बाजूला, दोन आणि तीन क्रमांकांच्या मालकोठ्यांमध्ये स्फोट झाला. 'टायटॅनिक'नंतर केलेल्या सुधारणांमुळे पुढचे सहा कप्पे भरले तरी हे जहाज तरंगायला हवं होतं. पण बॉयलर खोल्यांमधलं एक जलरोधक दार नीट बंद झालं नाही. त्यात परिचारिकांनी वॉर्डांना हवा लागावी म्हणून खालच्या डेकच्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. जहाज कलताच या खिडक्या पाण्याखाली गेल्या. कॅप्टन चार्ल्स बार्टलेट यांनी ते केआच्या किनाऱ्यावर चढवायचा प्रयत्न केला. पुढे जाण्याच्या जोराने पाणी आणखी आत लोटलं. इंजिनं चालू असतानाच, हुकूम नसताना सोडलेल्या दोन होड्या पंख्यांत ओढल्या गेल्या. मृतांचा आकडा ३०, आणि त्यांतले बहुतेक तिथेच गेले. ९ वाजून ७ मिनिटांनी सगळं संपलं. 'टायटॅनिक'ला २ तास ४० मिनिटं लागली होती. २३ नोव्हेंबरला 'ब्रेमर कॅसल' या आणखी एका इस्पितळ-जहाजाला यू-७३ च्या सुरुंगाने नुकसान पोहोचवलं.

इस्पितळ-जहाज मुद्दाम बुडवलं, हा आरोप तेव्हापासून होत आला. टॉर्पेडोबाबत तो विचारात घ्यावा लागला असता. सुरुंगाबाबत हेतू शोधायचा तो जहाजाच्या नावात नव्हे, वाटेच्या निवडीत.

हेच तंत्र 'वोल्फ' या जर्मन हल्लेखोर जहाजाने मुंबईपर्यंत आणलं. ती पाणबुडी नव्हती, मालवाहू भासणारं जहाज होतं. 'ब्रिटॅनिक' बुडाल्यावर नऊ दिवसांनी ते कीलहून निघालं, आणि १९१७ च्या फेब्रुवारीत त्याने कोलंबो आणि मुंबईच्या वाटांवर सुरुंग पेरले. जूनमध्ये 'सिटी ऑफ एक्सेटर'ला तडाखा बसला आणि २३ जूनला पी. अँड ओ. कंपनीचं 'मोंगोलिया' मुंबईपासून सुमारे ५० मैलांवर बुडालं. चार महिने ते सुरुंग तिथे उभे होते.

झीस मे १९१७ मध्ये यू-७३ सोडून यू-३३ वर गेले. त्यांच्या मागून कमांडर बदलत राहिले, पण १९१६ सारखं यश पुन्हा आलं नाही. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरी कोसळू लागली, तेव्हा पोला सोडताना प्रवासाला न धजणाऱ्या बोटी जर्मनांनी स्वतःच फोडल्या. यू-७३ त्यांतलीच, ३० ऑक्टोबरला बुडवलेली.

टॉर्पेडो की सुरुंग हा वाद मात्र चालूच राहिला. १९७५ मध्ये फ्रेंच समुद्रसंशोधक जाक-इव्ह कुस्तो यांना 'ब्रिटॅनिक' सापडलं, सुमारे १२० मीटर खोल, तरीही त्याचा निकाल लागला नाही. २००३ च्या मोहिमेत सोनारने खाडीचा तळ चाळला, तेव्हा सुरुंगांचे नांगर मिळाले, यू-७३ च्या नोंदीशी जुळणारे.