केडगावच्या मुक्तीसदनात धीर कसा रुजला

ख्रिस्ती शाळांच्या सकाळच्या प्रार्थनेत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातला एक भाग अनेकदा ऐकू येतो. संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा, असा त्याचा क्रम. मुलांना तो चटकन पाठ होतो. पण पाठ केलेला धीर पहिल्याच अवघड गणितापाशी सुटतो, हे वर्गात उभे राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मुलांमध्ये चिकाटी रुजवायची म्हणजे नेमके काय करायचे, यावर महाराष्ट्रात एका बाईने आयुष्य वेचले. पंडिता रमाबाईंच्या शाळेची हकिकत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि मला ती आजच्या शिक्षकांसाठी फार मोलाची वाटते.

त्याआधी मिशनच्या शाळा नव्हत्या असे नाही. अमेरिकन मिशनने मुंबईत 1824 मध्येच मुलींची शाळा काढली होती. पुढे अहमदनगरला मिस सिंथिया फरार यांनी मुलींना शिकवण्यात आयुष्य घालवले. सावित्रीबाई फुले यांचे अध्यापनाचे शिक्षण नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये झाले. म्हणजे ही वाट रमाबाईंच्या आधीच मळायला लागली होती. पण तिथल्या बहुतेक मुली दिवसा शाळेत येऊन संध्याकाळी घरी जात. जिला घरच उरलेले नाही, किंवा जिला घरात ओझे मानले जाते, तिचे काय करायचे, हा प्रश्न रमाबाईंनी हाती घेतला.

तो प्रश्न त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. रमाबाईंचा जन्म 1858 चा. तोवर वडील वृद्ध झाले होते, म्हणून धाकट्या मुलीला आईने शिकवले. घरातली कामे सुरू होण्याआधी, पहाटे, झोपाळू लेकीला जवळ घेऊन लक्ष्मीबाई पाठ देत. तीर्थयात्रेत भटकणाऱ्या या कुटुंबाला शाळा नव्हती, वह्या नव्हत्या. रोज थोडे, आणि न चुकता, इतकीच त्या शिक्षणाची पद्धत होती. 1874 च्या सुमारास दुष्काळाने आईवडील आणि थोरली बहीण हिरावून नेली. रमाबाई भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायी देशभर फिरल्या आणि 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हटले. पुढे भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, पण दोन वर्षांच्या आत तेही गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन 1882 मध्ये त्या पुण्यात आल्या, तेव्हा त्यांचे वय चोवीस होते.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या ख्रिस्ती संन्यासिनी भगिनींकडे राहत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नंतर चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच राहिल्या. तिथे त्यांनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांची बालवाडीची पद्धत बारकाईने शिकून घेतली. मूल हाताने करते तेव्हाच खरे शिकते, हे त्या पद्धतीचे सूत्र. लहान मुलांसाठी निघालेली ही गोष्ट आपल्याकडच्या मोठ्या वयाच्या, पूर्ण निरक्षर विधवांनाही लागू पडेल हे त्यांनी ओळखले. माझ्या मते पुढच्या सगळ्या कामाचे बीज इथे आहे. 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन ही विधवांसाठीची निवासी शाळा सुरू झाली. तिथे आलेली पहिली विधवा म्हणजे कोकणातल्या देवरुखची गोदूबाई जोशी. ती बालविधवा होती आणि विशी ओलांडल्यावर धुळाक्षरे गिरवायला बसली. त्या वयात पाटी हातात धरण्याची लाज काय असते, हे ज्यांनी प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेतले आहेत त्यांना सांगावे लागणार नाही. चार वर्षांनी, नेमक्या 11 मार्चलाच, 1893 मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्वे तिच्या भावाचे मित्र. त्या दोघांनी पुढे पुण्याजवळ विधवांसाठी जो आश्रम उभा केला तो सर्वांना माहीत आहे. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले त्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. एका पाटीतून इतके पुढे गेले.

1890 मध्ये सदन पुण्याला हलले आणि 1893 मध्ये मोठे वादळ झाले. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. रमाबाई मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. केसरीने कडक टीका केली. रानडे आणि भांडारकर यांच्यासह सल्लागारांनी राजीनामे दिले आणि सुमारे 25 मुलींना पालक घेऊन गेले. ज्यांनी विश्वासाने लेकीबाळी ठेवल्या त्यांना फसल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते, आणि ते आज नाकारण्यात अर्थ नाही. रमाबाईंचे म्हणणे असे की आपली श्रद्धा लपवून आपण मुलींना प्रामाणिकपणा शिकवू शकत नाही. सदन अर्धे रिकामे झाले, तरी शाळा बंद पडली नाही. उरलेल्या मुलींनी त्या वर्षात आपल्या बाईंना रोज वर्गावर येताना पाहिले, हाही एक धडाच होता.

दहा वर्षांची मदत संपणार हे रमाबाईंच्या डोळ्यांपुढे होते. त्यांनी दौंडच्या वाटेवर केडगावला सुमारे 100 एकर जमीन घेतली आणि फळझाडे लावली. शाळेने स्वतःच्या पायांवर उभे राहावे असा हिशेब होता. तेवढ्यात 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली उपाशी मरत आहेत आणि दलाल त्यांना उचलून नेत आहेत, हे ऐकल्यावर रमाबाईंना आपल्या घरचा दुष्काळ आठवला. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, अधिकाऱ्यांनी इतक्या जणींना शहरात राहू दिले नाही. मग केडगावचे माळरान हीच शाळा झाली. 1898 मध्ये तिथे मुक्तीसदनाची रीतसर पायाभरणी झाली. 1900 च्या दुष्काळानंतर तिथल्या मुली आणि बायकांची संख्या 2,000 च्या आसपास गेली.

या मुलींची अवस्था कशी होती ते आधी लक्षात घ्यावे लागेल, नाहीतर पुढचे समजत नाही. अनेकींच्या अंगावर हाडे तेवढी उरली होती. उद्या खायला मिळेल यावर ज्यांचा विश्वासच नाही त्यांना बाराखडी कशी शिकवणार? चिकाटीला उद्याची खात्री लागते. म्हणून रमाबाईंनी आधी दिवस बांधून दिला. ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी प्रार्थना, वर्ग, आणि हातात एक काम. शारदासदनात शिकून तयार झालेल्या मुलींना त्यांनी या नव्या मुलींच्या छोट्या तुकड्यांवर नेमले. काल शिकणारी आज शिकवणारी झाली. दुसरीला अक्षर लावून देताना पहिलीचा आपल्यावरचा विश्वास पक्का होतो, हे साधे सत्य त्यांनी शाळेची रचनाच करून टाकले.

कामे खरीखुरी होती. शेत, विहिरी, गाईगुरे, मागावरचे विणकाम, तेलाचा घाणा, भांड्यांना कल्हई, पावभट्टी आणि छापखाना. ज्या कामांना तेव्हा बाईने हात लावायचा नाही असा समज होता, तीही त्यात होती. कापड विणले की ते मुलीच्या अंगावर जाई, भाजी पिकली की ताटात येई. आपल्या श्रमाचे फळ डोळ्यांनी दिसले की पुढच्या वेळी मूल अर्ध्यावर काम टाकत नाही. आजच्या शाळांतल्या कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले करून ती फेकून देतात, तेव्हा मला केडगाव आठवते.

अंध मुलींसाठी बर्तिमी सदन होते. येशूने ज्याला दृष्टी दिली त्या शुभवर्तमानातल्या आंधळ्याचे हे नाव. मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून या मुलींना वाचायला शिकवले, आणि वेताच्या खुर्च्या व टोपल्या विणण्याचे कामही तिथे चाले. वृद्धांसाठी प्रीतीसदन आणि समाजाने पतित ठरवलेल्या बायकांसाठी कृपासदन होते. ज्या वेळी अशा बाईला गावात दार उघडत नव्हते, त्या वेळी तिला नवे अक्षर आणि नवे काम मिळत होते. 1905 मध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली. तिची चर्चा पुष्कळ होते. पण शाळा चालली ती रोजच्या बाराखडीवर आणि मागावर, असे मला वाटते.

आणि याच काळात मुलींच्या बाईही पुन्हा विद्यार्थिनी झाल्या होत्या. खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत बायबल असावे, या ध्यासाने रमाबाई चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतची ही पंडिता जड संस्कृत शब्द एकेक करून गाळत बसली. या कामाला पंधराहून अधिक वर्षे लागली. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणे, छपाई आणि बांधणी केडगावच्याच छापखान्यात मुली आणि बायका करत. त्यातल्या कितीतरी जणींनी पहिले अक्षरच या आवारात ओळखले होते. जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या. आईने मुद्रिते तपासणे थांबवले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या तेव्हा त्यांचे काम पुरे झाले होते. उरलेले छपाईचे काम मुक्तीतल्या बायकांनी चालू ठेवले आणि 1924 मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर आला.