घरगुती पाणबुडी : खोलीची मर्यादा आणि सुरक्षितता

एक-दोन माणसे बसतील एवढी, हौसेने स्वतःच्या शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये बांधलेली पाणबुडी म्हणजे घरगुती पाणबुडी. तिच्या दोन जाती आहेत. पहिलीत आतली हवा बाहेरच्या पाण्याइतक्याच दाबाची असते. कवचावर फारसा भार येत नाही, पण आतल्या माणसाच्या शरीराला, खोल बुडी मारणाऱ्या माणसाला असतात ते सगळे धोके लागू होतात. दुसरीत आत जमिनीवरचाच दाब राखतात आणि पाण्याचा सगळा भार कवच झेलते. किती खोल जायचे हा प्रश्न खऱ्या अर्थाने दुसरीचा, म्हणून पुढची माहिती तिच्याबद्दलची आहे.

या हौसेला जुना इतिहास आहे. अमेरिकेच्या सायमन लेकने 1894 साली लाकडी फळ्यांची ‘आर्गोनॉट ज्युनियर’ बांधली आणि न्यू जर्सीच्या उथळ पाण्यात फिरवली. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेन राज्यातले निवृत्त नौदल अधिकारी जॉर्ज किट्रेज यांनी के-250 आणि के-350 या छोट्या पाणबुड्या आणल्या. के-350 चे आराखडे विकत घेऊन अनेकांनी ती घरी बांधली. नावातला आकडा म्हणजे फुटांतली खोली : 250 फूट म्हणजे सुमारे 76 मीटर, 350 फूट म्हणजे सुमारे 107 मीटर. पाणबुडीच्या नावातच तिची मर्यादा लिहून ठेवायची ही पद्धत फार शहाणपणाची होती. चालवणाऱ्याला तिचा विसर पडायला वावच राहत नाही.

समुद्रात दर 10 मीटरला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो भार वाढतो. शिट्टी होते तेव्हा घरच्या प्रेशर कुकरमध्ये जवळपास एवढाच जादा दाब असतो. फरक दिशेचा आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. दाब आतून असला तर भांडे अधिक गोल व्हायला बघते. तोच बाहेरून आला की एखादा किंचित चपटा भाग आणखी आत जातो, आत गेल्यामुळे अधिक कमजोर होतो, आणि क्षणात सगळा पत्रा दुमडतो. पाण्याची रिकामी बाटली तोंडाने ओढली की ती हळूहळू लहान होत नाही, एका बाजूने एकदम आत बसते, तोच प्रकार.

हिशेब करून पाहू. साध्या पोलादाचा 8 मि.मी. जाड पत्रा वाकवून 1 मीटर व्यासाचा, 2 मीटर लांबीचा नळकांडा केला, तर पोलादाच्या निव्वळ ताकदीवर तो सुमारे 400 मीटरपर्यंत टिकायला हवा. प्रत्यक्षात आतून कड्यांचा, म्हणजे गोल पोलादी पट्ट्यांचा, आधार नसेल, तर तो 150 मीटरच्या आसपासच दुमडू शकतो, आणि तोही गोलाई अचूक असेल तर. दर अर्ध्या मीटरला पुरेशी भक्कम कडी वेल्ड केली की दुमडण्याची ही भीती बरीच मागे सरते आणि पोलादाची स्वतःची ताकद कामाला येते. म्हणूनच नवशिक्याने ‘पत्रा किती जाडीचा घेऊ’ असे विचारण्याआधी ‘कडी किती अंतरावर बसवू आणि गोलाई कशी तपासू’ हे विचारायला हवे. गोलाई डोळ्यांना कळत नाही. फळीतून कापलेली वक्रपट्टी कवचावर टेकवून, फट कुठे दिसते ते वितीवितीने बघावे लागते. जुनी टाकी आणून तिची पाणबुडी करणारे नेमके इथे फसतात, कारण त्या टाकीची घडण आतला दाब सोसण्यासाठी असते.

कवचाला जिथे जिथे भोक पडते, म्हणजे झाकण, खिडकी, वायरी किंवा दांडे बाहेर काढण्याची जागा, तिथे मर्यादा आणखी खाली येऊ शकते. खिडक्या बहुधा काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या, म्हणजे जाड अ‍ॅक्रिलिकच्या असतात. शंकूच्या आकाराची खिडकी पाण्याच्या दाबानेच आपल्या खोबणीत घट्ट बसते. पण अ‍ॅक्रिलिक थकते, उन्हाने जुने होते आणि काही रसायनांनी त्यावर बारीक तडे उमटतात. अमोनिया असलेले काच पुसायचे द्रावण किंवा अ‍ॅसिटोन त्याला कधीही लावू नये.

कागदावरच्या हिशेबाला चाचणीशिवाय किंमत नाही. ठरवलेल्या कमाल खोलीच्या सव्वापट खाली पाणबुडी आधी रिकामी सोडायची, काही वेळ तिथेच ठेवायची आणि वर काढून पुन्हा मोजायची, ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. रोजची खोली या चाचणीच्या आत, आणि कवच चेपण्याची खोली तिच्याही बरीच खाली असावी लागते. अमेरिकेचा कार्ल स्टॅन्ली किशोरवयात घरी पाणबुडी बांधायला लागला. आता तो होंडुरासच्या रोआतान बेटाजवळ स्वतः बांधलेल्या ‘इडाबेल’मधून प्रवाशांना 600 मीटरच्या आसपास नेतो. 2019 साली तो ओशनगेट कंपनीच्या ‘टायटन’ पाणबुडीतून बहामाजवळ खाली गेला होता. तेव्हा कवचातून तडकल्यासारखे आवाज त्याने ऐकले आणि तसे कंपनीच्या प्रमुखाला लेखी कळवले. कार्बन फायबरच्या कवचाची ती पाणबुडी जहाजे-पाणबुड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या कुठल्याही वर्गीकरण संस्थेने प्रमाणित केलेली नव्हती. 18 जून 2023 रोजी ‘टायटॅनिक’कडे जाताना ती चेपली आणि पाच जण मृत्युमुखी पडले.

चांगल्या कवचालाही एक पथ्य पाळावे लागते : कवचाच्या मर्यादेपेक्षा तळ जिथे खोल आहे, तिथे बुडी मारायची नाही. तरंगण्यासाठी हवा भरलेल्या टाकीत पाणी शिरले, झडप अडकली, तर पाणबुडी तळाला टेकेपर्यंत खाली जाते. तळ मर्यादेच्या आत असला तर वजन सोडून वर यायला, निदान मदतीची वाट बघायला सवड मिळते.

ती सवड हवेवर अवलंबून असते. 10 मीटरवरही 60 सें.मी. व्यासाच्या झाकणावर जवळपास तीन टन भार असतो, त्यामुळे आत पाणी भरून दाब सारखा केल्याशिवाय ते उघडत नाही. ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधी कार्बन डायऑक्साइड माणसाला मारतो, म्हणून तो शोषणारे रसायन आणि त्याचा राखीव साठा ऑक्सिजनइतकाच महत्त्वाचा आहे. जून 1973 मध्ये फ्लोरिडाजवळ ‘जॉन्सन सी लिंक’ ही छोटी पाणबुडी 110 मीटरवर बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात अडकली. कवच शाबूत होते. मागच्या कक्षात थंडीने शोषक रसायन नीट काम करेना आणि तिथले दोघे दगावले.

त्याच वर्षी ऑगस्टअखेर आयर्लंडजवळ ‘पिसेस-3’ ही दोघांची पाणबुडी 480 मीटरवर तळाला गेली. तिच्यात 72 तासांची हवा होती आणि त्यातले काही तास कामातच खर्च झाले होते. आतले रॉजर मॅलिन्सन आणि रॉजर चॅपमन फारसे न बोलता, न हलता पडून राहिले. 76 तासांनी त्यांना वर काढले तेव्हा 12 मिनिटांचा ऑक्सिजन उरला होता. बुडी मारण्याआधी मॅलिन्सनने ऑक्सिजनची बाटली बदलून भरलेली बसवली होती. त्या दिवसाच्या कामाला जुनीही पुरली असती.