चेहरा दिसतो, राग दिसत नाही

बेळगावच्या वडगावातल्या एखाद्या घरात दुपारची जेवणं चाललेली असतात. सुनेच्या कपाळावर आठी पडलीय, मुलाने मान खाली घातलीय, दहावीतली नातसुद्धा गप्प झालीय. आजोबांचं मात्र मागावरच्या जुन्या दिवसांचं पुराण सुरूच. मग स्वयंपाकघरातून कुजबुज ऐकू येते, "कळतंय की सगळं त्यांना, मुद्दाम करतात!" बऱ्याचदा त्यांना खरोखरच कळलेलं नसतं.

न्यूझीलंडमधले मानसशास्त्रज्ञ टेड रफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरचे तोवरचे अनेक प्रयोग एकत्र करून तपासले. चेहऱ्यावरचा राग, दुःख आणि भीती ओळखण्यात वृद्ध तरुणांपेक्षा मागे पडतात, असं त्यातून दिसलं. आनंद ओळखण्यात फरक थोडाच. किळस ओळखण्यात तर वृद्ध कमी पडत नाहीत, उलट किंचित सरसच ठरतात. म्हणजे सगळंच एका दमात मंदावतं असं नाही.

याचं एक कारण नजर कुठे ठरते यात आहे. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रांनी दाखवलं, की वय वाढलेली माणसं समोरच्याच्या डोळ्यांकडे कमी आणि तोंडाकडे जास्त बघतात. राग, भीती, दुःख प्रामुख्याने डोळ्यांत आणि भुवयांत उमटतं, तर हसू आणि किळस ओठांच्या आणि नाकाच्या आसपास. आठी नेमकी निसटते ती अशी. पण दोष एकट्या नजरेचा नाही. नुसत्या डोळ्यांचे फोटो दाखवले तरी फरक उरतोच. वयानुसार मेंदूचे पुढचे आणि कानशिलाकडचे भाग आकसत जातात आणि चेहऱ्यावरून मन ओळखण्याचं बरंचसं काम तिथेच चालतं.

दुसरी बाजू अधिक रंजक आहे. भावनांशी निगडित असा बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग मेंदूत असतो, अमिग्डला. मारा मॅथर आणि लॉरा कार्स्टेन्सन यांच्या २००४ च्या अभ्यासात वृद्धांचा अमिग्डला सुखद चित्रं पाहताना दुःखद चित्रांपेक्षा जास्त सक्रिय झाला. तरुणांमध्ये तसा फरक दिसला नाही. कार्स्टेन्सन यांचं म्हणणं असं, की पुढे आयुष्य थोडं उरलंय असं वाटू लागलं की मन समाधान देणाऱ्या गोष्टींकडे वळतं. मग आजोबांना आठी दिसत नाही, की ते ती बघायचं टाळतात? मला वाटतं दोन्ही थोडं थोडं खरं असावं.

याची किंमत मोजावी लागते ती अनोळखी माणसांपुढे. कॅलिफोर्नियातल्या एका गटाने २०१२ मध्ये लोकांना विश्वासू, मध्यम आणि लबाड वाटणारे चेहरे दाखवले. पहिल्या दोन प्रकारांत वृद्ध आणि तरुण एकमताचे होते. लबाड चेहरे मात्र वृद्धांना त्या मानाने बरे वाटले आणि धोक्याची जाणीव देणारा मेंदूतला इन्सुलाचा पुढचा भागही त्यांच्यात कमी सक्रिय झाला. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून बसलेला भामटा अशा वेळी काम साधून घेतो. अर्थात सगळा दोष इन्सुलाच्या माथी मारणं बरोबर नाही. घरातलं एकटेपण आणि पोलिसांची भीतीही त्याला साथ देतात.

आता कानांकडे येऊ, कारण आपल्या भागात हा मुद्दा मोठा आहे. वडगाव, खासबाग, शहापूर भागात यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेले किती तरी जण आज सत्तरीत आहेत. सततच्या मोठ्या आवाजाने कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने होणारं नुकसान आधी साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतं, वयाचं नुकसानही उंच पट्टीकडूनच सुरू होतं. स, श, फ यांसारखी व्यंजनं याच उंच पट्टीत असतात आणि मुळातच क्षीण असतात. स्वर खालच्या पट्टीतले म्हणून ते टिकतात. त्यामुळे "आवाज येतोय, पण काय म्हणतोय कळत नाही" ही तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे. शब्द पकडायला माणूस ओठांकडे बघू लागतो, आणि डोळ्यांतलं आणखी थोडं सुटतं.

सूर ओळखणं हे वेगळंच काम. "बरं केलंस की!" हे कौतुक आहे की टोमणा, ते आवाजाच्या चढ-उतारावर ठरतं. कान ठीक असलेले वृद्धही आवाजातली भावना आणि उपरोध ओळखण्यात तरुणांपेक्षा कमी पडतात. श्रवणयंत्राने शब्द परत येतील, टोमणा परत येईलच असं नाही.

त्यात आपल्याकडे दोन भाषा. हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाल्याचं आढळलं. मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या बेळगाव-खानापूरकरांना हे वाचून बरं वाटेल. पण गोंगाटात नंतर शिकलेली भाषा समजणं पहिल्या भाषेपेक्षा जड जातं, हेही तितकंच पक्कं आहे. काचेपलीकडचा कारकून, वर पंख्याची घरघर, बोलणं कन्नडमधून, अशा ठिकाणी त्याचा सूर चिडका होता की नुसता घाईचा, हे निपाणीच्या आज्जीला कसं कळावं?

आणि गैरसमज एकाच बाजूने होत नाही. सुरकुत्या आणि ओघळलेल्या ओठांच्या कडा यांमुळे वृद्धांचा शांत चेहराही बघणाऱ्याला दुःखी किंवा रागावलेला वाटतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. "बाबा हल्ली सारखे चिडलेले असतात" असं म्हणणाऱ्या मुलाने हे एकदा ध्यानात घ्यावं.

आता प्रयोगशाळेबद्दल थोडं. असे बहुतेक प्रयोग अनोळखी, अनेकदा तरुण चेहऱ्यांच्या स्थिर फोटोंवर झाले. कट्ट्यावर फोटो नसतो, चाळीस वर्षं ओळखीचा माणूस असतो. जर्मनीतल्या २०१३ च्या एका अभ्यासात दिवसभरात मधूनमधून विचारलं गेलं, की तुमच्या जोडीदाराला आत्ता काय वाटत असेल? जोडीदार समोर असताना तरुणांचे अंदाज जास्त बरोबर आले. तो समोर नसताना वृद्ध त्यांच्या बरोबरीने उतरले. चेहरा वाचणं अवघड झालं तरी माणूस पाठ असतो! हजारो लोकांच्या ऑनलाइन चाचण्यांवर आधारित २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात तर डोळ्यांवरून भावना ओळखण्याची क्षमता चाळिशी-पन्नाशीत शिखरावर असल्याचं दिसलं, विशीत नव्हे.

हे सगळे बदल सावकाश होणारे. वर्ष-दोन वर्षांत माणूस घरच्यांच्या दुःखाकडे पार कोरडेपणाने पाहू लागला, चारचौघांत नको ते बोलू लागला, तर ते वयाच्या खात्यावर टाकू नये. मेंदूचे पुढचे आणि कानशिलाकडचे भाग झिजवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या आजाराच्या एका प्रकारात सुरुवात अशीच होते, तीही बहुधा ४५ ते ६५ या वयात. स्मरणशक्ती तेव्हा बरीचशी शाबूत असते, म्हणून घरचे त्याला स्वभाव बिघडला म्हणतात आणि न्यूरॉलॉजिस्टकडे जायला उशीर होतो.