ओघम लिपी

ओघम : आयरिश भाषा सर्वांत आधी ज्या लिपीत लिहिली गेली ती प्राचीन लिपी. आजच्या आयरिशमध्ये या नावाचा उच्चार ‘ओम’च्या जवळ जातो. तिचे शिलालेख प्रामुख्याने इ. स. चौथ्या ते सातव्या शतकांतले असून सुमारे 400 ज्ञात आहेत. बहुतेक आयर्लंडच्या दक्षिणेला केरी, कॉर्क व वॉटरफर्ड या परगण्यांत सापडतात. समुद्रापलीकडे वेल्स, स्कॉटलंड आणि आइल ऑफ मॅन येथेही ते आहेत.

मूळ अक्षरे 20, पाचपाचांच्या चार गटांत बसवलेली. अशा गटाला मराठीत ‘वर्ग’ म्हणणेच योग्य. दगडाची उभी कड हीच लेखनाची रेषा. पहिल्या वर्गाच्या रेघा कडेच्या उजवीकडे, दुसऱ्याच्या डावीकडे, तिसऱ्याच्या कडेला तिरप्या छेदणाऱ्या. स्वरांसाठी मात्र कडेवरच बारीक खाचा. उजवीकडे एक रेघ म्हणजे ब, दोन म्हणजे ल, चार म्हणजे स. वाचन खालून वर. लिपी घडवणाऱ्यांना लॅटिन वर्णमाला ठाऊक असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तरीही स्वर वेगळे काढून त्यांचा स्वतंत्र वर्ग करणे ही त्यांची स्वतःची, ध्वनींच्या बारकाव्याची जाण आहे.

प्रत्येक अक्षराला नाव आहे : ‘ब’च्या नावाचा अर्थ बर्च, ‘स’च्या विलो, ‘द’च्या ओक. यावरून ओघमला ‘वृक्षलिपी’ म्हणण्याची प्रथा पडली, पण सगळीच नावे झाडांची नाहीत. ‘ग’चे नाव ‘गोर्त’ आहे आणि त्याचा अर्थ शेत.

शिलालेखांचा मजकूर अगदी तोकडा असतो : ‘अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा’ एवढाच, कधी पुढे कुळाचे नाव. ‘मुलाचा’ यासाठी येणारा ‘मक्वी’ हा शब्द आजच्या ‘मॅक’चा पूर्वज. नावे षष्ठीत असल्यामुळे ‘हा दगड अमक्याचा’ किंवा ‘ही जमीन अमक्याची’ असे दोन्ही अर्थ संभवतात. जुन्या आयरिश कायदेग्रंथांत जमिनीच्या हक्काचा पुरावा म्हणून ओघम कोरलेल्या दगडांचा उल्लेख येतो, त्यामुळे दुसरा अर्थ सहज बाजूला सारता येत नाही. म्हणजे आयरिश भाषेचे पहिले लेखन मृतांच्या स्मृतीइतकेच जमिनीशीही बांधलेले आहे.

वेल्समधल्या सेंट डॉगमेल्स येथील दगडावर ‘सग्राग्नी मक्वी कुनातामी’ असे ओघममध्ये कोरले आहे आणि शेजारी तेच लॅटिनमध्ये. अशा द्विभाषी लेखांनी वाचनाला भक्कम आधार दिला. ‘कुनातामी’तला ‘कुन’ म्हणजे शिकारी कुत्रा; संस्कृत ‘श्वन्’ आणि हा शब्द एकाच मूळ धातूचे. पुढे आयरिशमध्ये शब्दांची शेवटची अक्षरे गळून पडली. ती कशी होती हे मुख्यतः या दगडांमुळेच कळते.

काही दगड नंतर भुयारी कोठारांच्या छताला तुळया म्हणून वापरले गेले. केरीतील डनलो येथे आज उभे असलेले बरेचसे दगड अशाच एका भुयारातून 1838 मध्ये उजेडात आले. कॉर्कच्या विद्यापीठातही मोठा संग्रह आहे.

दगडांवरचा काळ सरल्यावर ओघम विद्वानांच्या हस्तलिखितांत टिकली. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन येथील नवव्या शतकातील लॅटिन व्याकरणाच्या प्रतीत एका लेखकाने पानाच्या समासात ‘लाथर्त’ हा एकच शब्द ओघममध्ये लिहिला आहे : मद्याने आलेली बेजारी. सुमारे 1390 मधील ‘बॅलीमोटचा ग्रंथ’ या हस्तलिखितात तिचे अनेक प्रकार नोंदलेले आहेत.

उघड्यावरच्या दगडांवर सर्वांत आधी झिजतात त्या स्वरांच्या खाचा, आणि नाव अर्धे होते. म्हणून डब्लिनच्या उच्च अध्ययन संस्थेने या दगडांच्या त्रिमितीय नोंदी करण्याचे काम हाती घेतले.