खनिजांच्या स्फटिकरचनेचे निर्धारण

खनिजातील अणू, आयन व पाण्याचे रेणू नेमके कोठे बसलेले आहेत आणि ती मांडणी कोणत्या क्रमाने पुन्हापुन्हा येते, हे शोधून काढण्याची पद्धत. मांडणीचा जो सर्वांत लहान ठोकळा सर्व दिशांना पुनरावृत्त होतो त्याला एकक कोशिका म्हणतात. तिच्या बाजू, कोन, सममिती आणि आतील अणूंची स्थाने कळली की रचना ठरली.

नाशिक परिसरात ही गरज चटकन ध्यानात येते. पांडवलेण्यांचा डोंगर ज्या बेसाल्टाचा आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना वायूंच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, ॲपोफिलाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट अशी खनिजे वाढली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे देखणे नमुने मांडलेले आहेत. ॲपोफिलाइट टोकदार चौकोनी स्फटिकांवरून डोळ्यांनी ओळखता येते. पांढऱ्या सुयांच्या झुबक्यांचे मात्र तसे नाही. सुई नॅट्रोलाइटची, स्कोलेसाइटची की मेसोलाइटची, हे नुसते पाहून सांगणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये.

माक्स फोन लाउए यांच्या सूचनेवरून १९१२ मध्ये स्फटिकातून क्ष-किरणांचे विवर्तन (ठरावीक दिशांनाच विखुरणे) मिळाले आणि ब्रॅग पितापुत्रांनी त्यावरून रचना काढायला सुरुवात केली. अणुथरांमधील अंतर d, तरंगलांबी λ, किरण व थर यांमधील कोन θ आणि n पूर्णांक असेल, तर nλ = 2d sinθ जुळते तेथेच किरण जोरकस परततात. तांब्याच्या लक्ष्यापासून (ज्यावर इलेक्ट्रॉन आदळवतात त्या तुकड्यापासून) मिळणाऱ्या नेहमीच्या क्ष-किरणांची तरंगलांबी सुमारे १.५४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), म्हणजे अणूंमधील अंतरांच्याच मापाची असते.

प्रत्यक्षात मिलिमीटरच्या काही दशांशाएवढा तुकडा निवडून आधी ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशात) फिरवतात. नॅट्रोलाइटची सुई लांबीच्या दिशेशी जुळताच सबंध काळोखते. स्कोलेसाइट बहुधा जुळा, म्हणजे दोन स्फटिक एकत्र वाढलेला असतो; त्याचे दोन अर्ध वेगवेगळ्या कोनांवर काळोखतात. असा जुळा तसाच यंत्रावर चढवला तर दोन स्फटिकांकडून परतलेल्या किरणांचे ठिपके एकमेकांत मिसळतात. चांगला तुकडा बारीक तंतूवर चिकटवून क्ष-किरणांत फिरवतात व हजारो ठिपक्यांची तीव्रता मोजतात. अडचण अशी, की तीव्रता मोजता येते, पण तरंगांची कला (तरंग चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) हरवते. ती परत मिळविण्याचे गणिती मार्ग पुढे निघाले; त्यांबद्दल हाउप्टमन व कार्ल यांना १९८५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

नॅट्रोलाइटची रचना लायनस पॉलिंग यांनी १९३० मध्ये मांडली. तिन्ही सुयांचा ॲल्युमिनोसिलिकेट (ॲल्युमिनियम, सिलिकॉन व ऑक्सिजन यांचा) सांगाडा एकाच घडणीचा आहे. फरक पडतो तो पोकळ वाटांमध्ये: नॅट्रोलाइटमध्ये सोडियम, स्कोलेसाइटमध्ये कॅल्शियम व जास्तीचे पाणी. मेसोलाइटमध्ये सोडियमचा एक थर व कॅल्शियमचे दोन अशी पाळी असते. त्यामुळे नॅट्रोलाइटची सुमारे १८.६ अँगस्ट्रॉमची एक बाजू येथे जवळजवळ तिप्पट, सुमारे ५६.७ होते. याचा पुरावा ठळक ठिपक्यांमधल्या फिकट ठिपक्यांत असतो. ते नजरेतून सुटले तर मेसोलाइट नॅट्रोलाइट म्हणून खपून जातो.

सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांचे अणुक्रमांक १४ व १३, म्हणून क्ष-किरणांना ते सारखेच दिसतात. तेथे बंधांची लांबी कामी येते: सिलिकॉन-ऑक्सिजन सुमारे १.६२ अँगस्ट्रॉम, ॲल्युमिनियम-ऑक्सिजन सुमारे १.७४. हायड्रोजन तर क्ष-किरणांना जेमतेम जाणवतो. पाण्याच्या रेणूची दिशा पक्की करायला क्ष-किरणांऐवजी न्यूट्रॉनांचे विवर्तन लागते. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीवर तशी सोय आहे.

रचना एकदा ठाऊक झाली की प्रत्येक नमुन्यासाठी एवढा खटाटोप करावा लागत नाही. अकीकाच्या खलात भुकटी करून तिचा विवर्तन आलेख ज्ञात आलेखाशी ताडतात. सुयांच्या बाबतीत हे आलेखही फार जवळचे निघतात, म्हणून जोडीला रासायनिक पृथक्करण करतात.