अंतराळ मोहिमांच्या डेटाचे जतन व खुले वितरण

यान, रोव्हर किंवा अवकाशातील दुर्बीण यांवरच्या उपकरणांनी घेतलेली मोजमापे पुढच्या पिढ्यांना वाचता येतील अशा रीतीने साठवणे आणि ठरलेल्या मुदतीनंतर सर्वांसाठी मोकळी करणे. डेटाला मराठीत ‘विदा’ असा प्रतिशब्द आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बोलताना मात्र डेटाच म्हणतात, म्हणून येथे तोच शब्द ठेवला आहे.

भारतातील या कामाचे मुख्य ठिकाण कर्नाटकातच, बेंगळूरजवळच्या ब्यालाळू येथे आहे. चांद्रयान-१ च्या निमित्ताने २००८ मध्ये तेथे १८ आणि ३२ मीटर व्यासाचे अँटेना व त्यांच्यासोबत भारतीय अवकाश विज्ञान डेटा केंद्र उभे राहिले. यानाकडून संदेश तुकड्यातुकड्यांनी येतो. ते तुकडे वेळेनुसार लावून, दोनदा आलेले काढून टाकले की कच्चा डेटा तयार होतो. पण त्यातले आकडे म्हणजे नुसते उपकरणाचे संकेत. त्यांचे तापमानात, प्रकाशाच्या तीव्रतेत किंवा मूलद्रव्यांच्या प्रमाणात रूपांतर करण्यासाठी अंशांकन करावे लागते. निपाणीच्या बाजारात तंबाखू तोलताना काट्यातला फरक आधी माहीत असावा लागतो, तसेच हे आहे. म्हणूनच कच्चा आणि अंशांकित असे दोन्ही डेटा जपून ठेवतात. उद्या अंशांकनात चूक सापडली तर पुन्हा मुळापासून गणित मांडता येते.

संग्रहातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे प्रत्येक फाइलसोबतचे वर्णनपत्र. मोजमाप कोणत्या उपकरणाचे, कोणत्या क्षणी घेतलेले, एकक कोणते, फाइलमध्ये आकडे कोणत्या क्रमाने बसवले आहेत, हे त्यात लिहिलेले असते. सर्व्हे नंबर आणि क्षेत्र नसलेला जमिनीचा उतारा जसा कुणाच्याच कामाचा नाही, तसाच वर्णनपत्राविना डेटा. ग्रहविज्ञानासाठी नासाने रुजवलेली ‘पीडीएस-४’ ही मांडणी जगभर चालते आणि चांद्रयान-२ चा डेटाही तिच्यातच आहे. या मांडणीतला संग्रह स्वीकारण्याआधी मोहिमेबाहेरचे तज्ज्ञ तो उघडून तपासतात.

ही शिस्त नसली की काय होते, हे अपोलो मोहिमांनी दाखवले. अपोलो-१५ आणि १७ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर पुरलेली उष्णतामापके १९७७ पर्यंत चालू होती. संग्रहात मात्र १९७४ पर्यंतचाच डेटा पोचला. पुढच्या काळातल्या काही टेप शोधून त्या वाचण्यासाठी संशोधकांना कित्येक वर्षे खपावे लागले. चांद्रयान-३ च्या ‘चेस्ट’ या उपकरणानेही चंद्राच्या मातीचे तापमान मोजले. त्याच्यासह लँडर व रोव्हरवरच्या पाच उपकरणांचा सुमारे ५५ जीबी डेटा चंद्रावर उतरल्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, २३ ऑगस्ट २०२४ रोजी, खुला झाला.

डेटा मिळाला की लगेच खुला होत नाही. उपकरण बांधणाऱ्या किंवा निरीक्षणाचा प्रस्ताव देणाऱ्या चमूला आधी काही काळ, बहुधा सहा महिने ते एक वर्ष, राखीव मिळतो. ज्यांनी दहा-दहा वर्षे एका उपकरणावर घालवली त्यांच्यासाठी हे न्याय्यच आहे. मात्र मुदत लांबत जाणे कोणाच्याच हिताचे नाही. मंगळयानाचा पहिल्या वर्षाचा डेटा सप्टेंबर २०१६ मध्ये, ॲस्ट्रोसॅट या अवकाश दुर्बिणीचा सप्टेंबर २०१८ मध्ये, चांद्रयान-२ चा पहिला संच डिसेंबर २०२० मध्ये आणि सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ चा ६ जानेवारी २०२५ रोजी खुला झाला.

खुल्या डेटाचा उपयोग कोण करील हे आधी सांगता येत नाही. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रावर कोसळल्यावर चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने घेतलेले त्या भागाचे छायाचित्र सर्वांसाठी ठेवले गेले. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी घरी बसून ते जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले आणि अवशेषाचा एक तुकडा ओळखला; डिसेंबरमध्ये नासाने त्यांना श्रेय दिले. चांद्रयान-१ शी संपर्क ऑगस्ट २००९ मध्ये तुटला. तरी त्यावरच्या अमेरिकी ‘एम-३’ उपकरणाच्या जपलेल्या डेटातूनच, नऊ वर्षांनी, चंद्राच्या ध्रुवांजवळ पृष्ठभागावर उघडा बर्फ असल्याचा थेट पुरावा काढण्यात आला.

इस्रोचा डेटा ‘प्रदान’ या संकेतस्थळावर नाव नोंदवून विनामूल्य उतरवता येतो. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी यासारखा अस्सल माल दुसरीकडे शोधावा लागू नये. अडचण येते ती भाषेची. वर्णनपत्रे आणि मार्गदर्शिका इंग्रजीत असतात. कन्नडमधला जमिनीचा उतारा वाचून घेण्यासाठी जाणता माणूस गाठण्याची सवय सीमाभागातल्या अनेक मराठी घरांना आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पीडीएसची फाइल पहिल्यांदा उघडताना तशाच माणसाची गरज भासते. सुरुवात म्हणून वर्णनपत्रातल्या नेहमीच्या शे-दीडशे शब्दांची मराठी-कन्नड-इंग्रजी सूची पुरे. शाळेतल्या विज्ञान शिक्षकांना ती एका सुट्टीत करता येण्याजोगी आहे.