भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना: सामायिक सातबारा असेल तर अर्ज कसा करायचा?

कोकणात वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन असते, आंबा-काजू लावायची तयारीही असते, पण घोडं अडतं ते सातबाऱ्यावर. आजोबांचं नाव अजून तसंच, खाली दहा-बारा वारस, त्यातले निम्मे मुंबईत. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचा ऑनलाइन अर्ज तसा अर्ध्या तासाचं काम आहे. खरा वेळ खातात त्याआधीचे कागद, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

त्याआधी योजना थोडक्यात. राज्य सरकारने २०१८-१९ मध्ये ती सुरू केली आणि दिवंगत कृषिमंत्री पांडुरंग ऊर्फ भाऊसाहेब फुंडकर यांचं नाव तिला दिलं. रोजगार हमीतून फळबाग घ्यायची तर जॉबकार्ड लागायचं, ठरावीक प्रवर्गात बसावं लागायचं. त्यात न बसणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही वाट काढली गेली. लाभ वैयक्तिक शेतकऱ्यालाच मिळतो, संस्थेला नाही. कोकणात किमान १० गुंठे आणि जास्तीत जास्त १० हेक्टर, तर उर्वरित महाराष्ट्रात किमान २० गुंठे आणि जास्तीत जास्त ६ हेक्टर अशी मर्यादा आहे. या मर्यादेत एकाहून जास्त फळपिकं घेता येतात. आंबा, काजू, नारळ, कोकम, फणस, जांभूळ, चिकू, पेरू, सीताफळ, चिंच, आवळा, डाळिंब, अंजीर, संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू ही सगळी यादीत आहेत. वनहक्क कायद्याने पट्टा मिळालेले शेतकरीही पात्र आहेत. मात्र त्याच क्षेत्रावर त्याच झाडांसाठी दुसऱ्या योजनेचा लाभ घेतलेला नसावा.

आता सातबारा. तो अर्जदाराच्या नावावर हवा. सामायिक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं आणि कुळाचं नाव असेल तर कुळाचीही संमती लागते. तुमचं स्वतःचंच नाव अजून चढलेलं नसेल, तर आधी वारस नोंद करून घ्या. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवरून अर्ज करता येतो. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस द्यावे लागतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. कुणी हरकत घेतली तर प्रकरण लांबतं. त्यामुळे पाऊस तोंडावर आल्यावर नव्हे, गणपतीला सगळे भाऊबंद गावी येतात तेव्हाच हा विषय काढावा. संमतीपत्राचा नमुना तालुका कृषी कार्यालयातून घ्या आणि सह्या एकाच बैठकीत करून टाका. एखादा चुलतभाऊ ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणाला, की वर्ष गेलंच म्हणून समजा.

अर्ज महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर करायचा. त्यासाठी अ‍ॅग्रिस्टॅकचा, म्हणजे सरकारच्या डिजिटल शेतकरी नोंदणीचा, शेतकरी ओळख क्रमांक लागतो. एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना तो सक्तीचा झाला आहे. सातबारा, आठ-अ, आधारशी जोडलेलं बँक खातं, हमीपत्र आणि लागू असेल तर जातीचा दाखला, एवढे कागद जवळ ठेवा. अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे. सेवा केंद्रवाला स्वतःची मजुरी घेईल, ती वेगळी. बँकेत केवायसी झालं म्हणजे आधार जोडलं गेलं असं नसतं. थेट अनुदान कोणत्या खात्यात येणार, ते बँकेला स्पष्ट विचारून घ्या. पूर्वी लॉटरी निघायची, २०२५-२६ पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी संधी मिळते. सातबारा नीट करून ठेवलेल्याला त्याचा फायदा होतो.

निवड झाली म्हणून लगेच खड्डे खणायला घेऊ नका. आधी जागेची पाहणी होते, मग पूर्वसंमती मिळते, आणि तिच्यात दिलेल्या मुदतीत लागवड करायची असते. कलमं कृषी विद्यापीठाच्या, शासनाच्या किंवा मान्यताप्राप्त खाजगी रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावती स्वतःच्या नावाने मागा. रस्त्याकडेच्या टेम्पोतलं कलम स्वस्त पडतं, पण ते अनुदानात बसत नाही आणि जात कोणती निघेल याचा भरवसा नाही. अंतरही ठरलेलं आहे. आंबा १० बाय १० मीटरवर लावला तर हेक्टरी १०० कलमं बसतात, सघन पद्धतीने ५ बाय ५ वर ४००. काजू ७ बाय ७ वर, नारळ ८ बाय ८ वर. नुसता हापूस लावू नका. परागीभवनासाठी बागेत केशर किंवा रत्नाची काही कलमं हवीत.

खड्डे खणणं, लागवड, पीक संरक्षण, नांग्या भरणं (मेलेल्या कलमांच्या जागी नवी लावणं) या मंजूर बाबींचा खर्च ठरलेल्या मापदंडानुसार १०० टक्के मिळतो. जमीन तयार करणं, आंतरमशागत आणि कुंपण मात्र स्वखर्चाने. गुरं आणि माकडं असलेल्या गावात कुंपणाचा हिशेब आधीच मांडा.

पैसे तीन वर्षांत येतात: ५०, ३० आणि २० टक्के. पुढचे हप्ते जिवंत झाडांवर अवलंबून असतात. ८० ते ९० टक्के झाडं जगलेली दिसली पाहिजेत. यापेक्षा कमी जगली तर मात्र तेवढी झाडं स्वखर्चाने आणून लावायची. कातळाजवळच्या जमिनीत मार्च ते मे हीच परीक्षा असते. आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन द्या, पाण्याची सोय लागवडीआधी पाहा आणि कलमाच्या जोडाखालून येणारे खुंटाचे (ज्यावर कलम बांधलं त्या मूळ रोपाचे) फुटवे काढत राहा. ते ठेवले तर खुंटच वाढतो आणि कलम मरतं.

बाग उत्पन्न देईपर्यंत चार-पाच वर्षं जातात. तोवर ओळींमधली जागा रिकामी का ठेवायची? कुळीथ, चवळी, भुईमूग, पावसाळी भाजी तिथे चांगली होते, घरचं धान्य-भाजी सुटते आणि तणही दबतं. फक्त आळ्यापासून अंतर राखा. ई-पीक पाहणीत फळझाडांची नोंद करायला विसरू नका, कारण सातबाऱ्यावर बाग दिसली नाही तर पुढे पीक विमा किंवा नुकसानभरपाई मागताना अडचण येते.